पिल्लाच्या अंगावर ओली ओढणी

सील उन्हात वाळूवर पडलेला दिसला, तर त्याच्या अंगावर पाणी ओतू नये. तुम्ही म्हणाल, ही बाई नागपूरच्या लोकांना हे कशाला सांगते, आपल्या अंबाझरी तलावात कधी सील आले? नाही आले, खरं आहे. पण तुमच्यातल्या कुणाची लेक, कुणाचा भाचा तिकडे अमेरिकेत असेलच, आणि ऊन तापलं की आपली माणसं पळतातच त्या बाजूला. म्हणून आधी हे सांगून मोकळी होते. बाकीचा प्रवास नंतर.

मी एका जागी न बसणारी बाई आहे. नागपूरच्या नंदनवन भागात घरच्या घरी माझा लहानसा धंदा आहे. इतवारीच्या बाजारातून भिवापुरी मिरची आणायची, देठं खुडायची, दळून आणायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायची. आमचे हे रिटायर होऊन निवांत बसले, तर मला त्यांचं बसणंही बघवत नाही. "पायाले भिंगरी लावून आली हे बाई," असं ते आल्या-गेल्याला सांगतात. सांगू देत.

तर गेले ती काही समुद्र बघायला नव्हे. आमची वैशाली, वैशू, कॅलिफोर्नियात नोकरी करते. तिची मुलगी इरा तेव्हा सात महिन्यांची होती आणि वैशूची रजा संपत आली होती. त्यानंतर इरा दिवसभर पाळणाघरात. माझ्या जीवाला ते पटेना. परक्यांच्या हाती सात महिन्यांचं लेकरू? मी मनाशी पक्कं केलं, इराला वर्षभर नागपूरला आणायचं. निघण्याआधी समोरच्या खोलीतल्या कडीला माझ्या आईच्या लुगड्याचा झोकाही बांधून ठेवला. फोनवर वैशूला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तू ये तं आधी आई. मग बोलू."

बंदर

विमानाचं काही सांगत नाही. बसून राहण्यासारखी शिक्षा नाही. फक्त एवढंच, की बॅगेत तिखटाची पिशवी फुटली आणि माझे सगळे कपडे भिवापूरच्या मिरचीने माखले. दोनदा धुतले तरी ओढणी अंगावर घेतली की जावई शिंकायचे.

वैशूचं गाव समुद्राला लागून आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या किनाऱ्यावर त्या आठवड्यात एका बाईचा बराच बोलबाला झाला, आणि ती बाई मी.

पहिल्याच सकाळी कुत्र्यांच्या भुंकण्याने जाग आली. म्हटलं, चला, घरच्यासारखंच आहे, नंदनवनातही पहाटे हाच तमाशा. वैशू हसायला लागली. "आई, ते कुत्रे नोहेत वं. समुद्रसिंह आहेत."

चहा घेऊन आम्ही बंदरावर गेलो. काय सांगू! बोटी बांधायच्या फळ्यांवर पन्नासेक धुडं एकमेकांच्या अंगावर पडलेली. कुणाचं डोकं कुणाच्या पोटावर, कुणाचा पाय कुणाच्या तोंडात. नवा एक पाण्यातून वर चढला की खालचे सगळे त्याच्यावर ओरडायचे आणि तो त्यांना तुडवत बरोब्बर मधे जाऊन झोपायचा. लग्नाच्या जानोशात, वऱ्हाडाच्या मुक्कामी, रात्री उशिरा येणारा मामा असतो ना, तस्सा. वास मात्र असा, की मला माझ्या तिखटाची आठवण आली आणि मी ओढणी नाकाला लावली.

वैशूने मला फरक दाखवला. समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात, आणि मागचे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चक्क चालतो. सीलला कानाच्या जागी नुसतं भोक, आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो. पाण्यात मात्र दोघंही राजे. अंधाऱ्या पाण्यात मासा गेल्याची हालचाल सीलला मिशांनी कळते म्हणे, आणि बुडी मारली की छातीची धडधड तो मंद करून घेतो, म्हणजे श्वास पुरतो. मी म्हटलं, मले हे जमलं असतं तं डॉक्टरच्या गोळ्या सुटल्या असत्या.

जेवायला तिथली खासियत घेतली. गोल पाव कोरून त्यात शिंपल्यांचं पांढरं, दाट सूप. चव पाहिली तर आजाऱ्याची पेज. पर्समधली पुडी काढून चिमूटभर तिखट टाकलं तेव्हा कुठे ते अन्न झालं.

मोठ्या नाकाचे

शनिवारी जावयांनी गाडीने दक्षिणेला नेलं. तिथे एका लांब किनाऱ्यावर हत्ती-सील असतात. नर अवाढव्य, नाक सोंडेसारखं लोंबणारं. पण आम्ही गेलो तेव्हा ते बहुतेक समुद्रात होते. वाळूवर माद्या आणि तरणी जनावरं पडली होती, आणि त्यांच्या अंगावरची कातडी केसांसकट फाटून लोंबत होती. मला वाटलं खरूज झाली. तसं नव्हतं. दरवर्षी त्यांचं कातडं असं उतरतं, आणि नवं येईपर्यंत ते किनाऱ्यावर उपाशी पडून राहतात. मधेच एखादी पंजाने वाळू उडवून स्वतःच्या पाठीवर घ्यायची.

कठड्याजवळच्या फलकावर बरंच लिहिलं होतं. इराला कडेवर घेऊन वैशू मला वाचून दाखवत होती. मादी हिवाळ्यात वीतभर सरकत नाही, महिनाभर पिल्लाला पाजते, स्वतः अन्नाचा कण खात नाही. वाळून अर्धी होते. आणि मग एक दिवस उठून समुद्रात निघून जाते.

"पिल्लू?"

"ते राह्यते इथंच. बाकीच्या पिल्लांसंगं. अंगातल्या चरबीवर जगते, काठाशी आपलं आपण पोहायले शिकते, अन् मग तेही जाते."

"अन् माय वापस नाही येत?"

"नाही."

"आता माझी माय! इले काय माय म्हणाव?" मी म्हणाले, आणि माझा आवाज चांगलाच चढला. "पोटचं लेकरू वाळूत टाकून चालली!"

वैशूने इराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि फलक अर्धा सोडून गाडीकडे निघाली. घरी आल्यावर इराचे मोजे काढता काढता म्हणाली, "इराचं काय ते मी तुले पुढच्या रविवारी सांगतो आई. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाळणाघर सुरू होते." माझ्या बोलण्यातलं काय लागलं, हे मला तेव्हा समजलंच नाही. मी बाई पुढच्या रविवारकडे डोळे लावून बसले. बसले कसली, घरभर फिरत राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे दोनदा लावून झाले.

शुक्रवार

शुक्रवारी वैशू रजेतही कामाच्या फोनवर होती आणि इरा झोपली होती. मी निघाले फिरायला. घराजवळ एक कडा आहे, त्याच्याखाली लहानशी वाळू. उतरायच्या वाटेवर दोरी बांधलेली होती आणि एक पाटी होती. चष्मा घरी. दोरी आपल्याकडे म्हशीसाठीही बांधतात. मी वाकून खालून गेले.

खडकांवर ठिपक्यांचे सील पडले होते, डोकं वर आणि शेपूट वर, एकेक केळ्यासारखा वाकलेला. आणि त्यांच्यापासून दूर, कोरड्या वाळूवर, एक पिल्लू. एकटं. पोत्यात दहा किलो ज्वारी भरावी एवढं. धुकं गेलं होतं, ऊन चटचटीत पडलं होतं. पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाल ओले झाले होते. आणि ते ओरडत होतं, माऽऽ, माऽऽ.

हो, ओरडण्याचा आवाज तसाच आहे त्यांचा. ऐकून बघा आणि मग मला हसा.

मी दहा मिनिटं वाट पाहिली. माझ्यासाठी दहा मिनिटं म्हणजे तपश्चर्या. आईचा पत्ता नाही. आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या माणसाला भर दुपारी उन्हात तोंड उघडून पडलेलं जनावर दिसलं तर तो काय करेल? गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत शेजारणीची बकरी लू लागून पडली होती, ती मी ओल्या पोत्याने उभी केली. उन्हाची विद्या आम्हाला कुणी शिकवावी? मी ओढणी समुद्रात बुडवली, पाणी असं गार की हाडं वाजली, आणि ती ओली ओढणी पिल्लाच्या अंगावर घातली. पर्समधल्या बाटलीतलं पाणीही डोक्यावर ओतलं.

पिल्लाने मान उचलली, इवले दात दाखवले आणि थरथरलं. मला वाटलं, आलं शुद्धीवर.

तेवढ्यात पाण्यात एक गोल, काळं डोकं वर आलं. मोठाले डोळे. सरळ माझ्याकडे बघत. मी ओळखलं, हीच आई. हात हलवून मी तिला बोलावलंसुद्धा. "ये वं बाई, ये! इथं आहे तुह्यं लेकरू!"

डोकं पाण्याखाली गेलं. खडकांवरचे सगळे सील धपाधप पाण्यात पडले आणि दोन क्षणांत किनारा रिकामा झाला. राहिलो मी आणि ते पिल्लू.

कड्यावरून निळं जाकीट घातलेली एक किडकिडीत म्हातारी उतरत आली. ओरडली नाही. दोन्ही तळवे समोर धरून, हळू आवाजात, "मागे. हळूहळू मागे." तेवढं इंग्रजी मला समजतं. लांब काठीने तिने ओढणी उचलली, मला कड्यावर नेलं आणि माझ्याच फोनवरून वैशूला बोलावलं. म्हातारीचं नाव डोरिस. जन्मभर शहरातली बस चालवली, आता रोज या कड्यावर बसते आणि लोकांना सीलपासून लांब ठेवते.

वैशू इराला घेऊन धावत आली. डोरिस बोलत गेली, वैशू मला सांगत गेली, आणि प्रत्येक वाक्यागणिक माझी मान खाली जात गेली. पिल्लू टाकून दिलेलं नव्हतं. आई मासे धरायला जाते तेव्हा इतक्या लांब पिल्लाला नेता येत नाही, खोल पाण्यात शार्कची भीती. म्हणून ती त्याला वाळूवर ठेवते आणि पोट भरून परत येऊन पाजते. डोळ्यांतून वाहतं ते रडणं नव्हे, जमिनीवर सीलचे डोळे तसेच वाहतात. ओरडतं ते आईला आपली जागा कळावी म्हणून. आणि ऊन? ऊन त्याला हवंच होतं, अंग शेकायला. मी त्याला गार पाण्यात भिजवलं. आई पाजायलाच आली होती. तिच्या वाटेत मी उभी होते, हात हलवत.

"आता?" मी विचारलं.

"येईल, नाहीतर नाही येणार," डोरिस म्हणाली. "माणूस बघून घाबरलेली आई कधीकधी येतच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बघायचं. मग जखमी सीलांना सांभाळणाऱ्या लोकांना फोन करायचा. ते नळीने पाजतात. काही जगतात."

"माह्या ओढणीचा वास लागला असन त्याले," मी रडकुंडीला आले. "मिरचीचा. माय ओळखन का?"

डोरिसने ओढणी नाकाशी नेली आणि तीनदा शिंकली. मग म्हणाली, "आई वास घेऊन ओळखते खरी, पण त्या वासाने काही होणार नाही. तुम्ही तिला दिसलात, ते मोठं. दिसू नका."

शनिवार

सकाळी पिल्लू तिथेच होतं. आवाज बसला होता.

मी डोरिसजवळ गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून म्हटलं, काही काम द्या. झाडू द्या, पाटी लिहायला द्या, काहीही. तिने बाकड्यावर हाताने थोपटलं. "बसा."

"आणि?"

"एवढंच काम आहे. उभं राहिलं की खालून आकाशापुढे आपण ठळक दिसतो. बसायचं."

बाप्पा! सकाळी आठपासून मी त्या बाकड्यावर. पाय नाचत होते, हात शिवशिवत होते. एक समुद्रपक्षी पिल्लाजवळ उतरला आणि त्याच्या शेपटीशी टोचायला लागला. मी उठलेच. डोरिसने कुर्त्याचं टोक धरून मला खाली ओढलं. पिल्लाने मान फिरवून तोंड उघडलं, पक्षी उडाला. "त्यालाही येतं थोडंफार," डोरिस म्हणाली.

दुपारी मी पोळीत ठेचा गुंडाळून तिला दिली. दोन घास खाल्ले, अख्खी पाण्याची बाटली संपवली, लालबुंद झाली आणि तिसरा घास घेतला. बाई पाणीदार होती.

तीनच्या सुमारास वैशू इराला घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. तिघींच्या नजरा खाली पिल्लावर. मग वैशू पाण्याकडे बघतच म्हणाली, "आई, रविवारी सांगणार होतो, पण आताच विचारतो. तू इराले नेशीन. चांगलीच सांभाळशीन, मले माहीत आहे. वर्षाने मी घ्यायले येईन. तवा ते मले ओळखन का वं?"

मला आठवलं ते वेगळंच. माझं माहेर कोष्ट्यांचं, विणकरांचं. बाबा मागावर, आणि आई दिवसभर सूत गुंडाळून कांड्या भरायची. मला ती मागाच्या बाजूला झोळीत ठेवायची. चार लोकांनी तेव्हाही तिला नावं ठेवली असतील, लेकरू एकीकडे आणि बाई सुताकडे. मला मात्र झोळीतून दिसणारा तिचा हातच आठवतो. कांडी संपली की तो हात यायचा. यायचाच. म्हणून मी रडत नसे, असं आई सांगायची.

"आई, पाह्य," वैशू पुटपुटली.

पाण्यात डोकं होतं. गोल, काळं. काठाकडे बघत होतं. बुडालं. पुन्हा वर आलं, जरा जवळ. पुन्हा बुडालं. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मी बाकड्याची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आणि नेमकी तेव्हाच इरा रडायला लागली. खणखणीत. ते डोकं गर्रकन कड्याकडे वळलं.

गेली, मला वाटलं. पुन्हा आमच्याचमुळे गेली.

वैशूने इराला शालीखाली घेतलं, पाजायला. आवाज थांबला. आम्ही चौघी दगडासारख्या.

आणि ती वर आली. लाटेबरोबर वाळूवर आली, पोटावर सरपटत, थांबत, बघत, पुन्हा सरपटत. पिल्लाने बसलेल्या आवाजात हाक मारली आणि तेही तिच्याकडे धडपडत निघालं. दोघांची नाकं एकमेकांना लागली. तिने वास घेतला. फार वेळ घेतला. मी देवाला म्हटलं, मिरचीचा धंदा बंद करते, पण हिला ओळखू दे. मग ती कुशीवर वळली आणि पिल्लू तिच्या पोटाशी चिकटलं.

मी ढसाढसा रडले. तोंडात ओढणी कोंबून रडले, आवाज नको म्हणून. त्या ओढणीला अजून तिखट होतं, ते डोळ्यांत गेलं, ते वेगळं.

घरी जाताना मी वैशूला म्हटलं, "सोमवारी पोरीले पाळणाघरात सोडाले मी येऊ का संगं?"

ती रस्त्यातच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिने इराला माझ्याकडे दिलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तुह्या बाबाले मी समोरासमोर सांगतो," मी म्हटलं. "तू नको सांगू फोनवर."

सोमवार

पाळणाघराच्या दारात इरा रडली. माझे पाय आपसूक आत निघाले. मी ते वळवले, रस्त्यापलीकडे गेले आणि तिला दिसणार नाही अशा बाकावर जाऊन बसले. दिवसभर नाही बसले, खोटं कशाला बोलू. पण तासभर बसले. रडणं आधी थांबलं, मग मी उठले.

संध्याकाळी वैशू आत गेली. काचेतून मला दिसलं, इराने खेळणं टाकलं, रांगत आली आणि आईच्या मानेत नाक खुपसलं. मी तिथेच उभी होते, पण आजीकडे बघायला पोरीला फुरसत नव्हती.

उरलेले दिवस डोरिसने मला एक निळं जाकीट दिलं होतं. लोक दोरी ओलांडायला लागले की मी तळवे पुढे धरून सांगायची, "मागं व्हा जी, मागं व्हा." मराठीतच. सगळे मागे व्हायचे.

नागपूर

विमानतळाच्या दारातून बाहेर पडले आणि भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ तोंडावर आली. आमचे हे कठड्याला टेकून उभे होते. जन्मात कधी वेळेवर न आलेला माणूस तासभर आधी येऊन उभा. हातात पिळून घडी केलेला ओला दुपट्टा.

"लू सुरू आहे," ते म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर टाकाले आणला." आणि माझ्या मागे बघायला लागले. मग बाजूला बघितलं. मग माझ्या रिकाम्या कडेकडे. "पोरगी कुठं आहे वं?"

"तिच्या घरी."

"काहून? कोण पाह्यते तिले दिवसभर?"

"तिची माय येते ना संध्याकाळी तिले घ्याले," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले, हात पुढे धरून. दुपट्ट्याचं पाणी त्यांच्या चपलेवर टपटप पडत होतं. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्याच डोक्यावर टाकला.